स्वस्त मोबाईल आणि व्यापाऱ्याची झाकली मूठ

व्यापाऱ्याच्या घरी ज्या वस्तूंना मान दिला जातो, त्यांत चोपडीचे स्थान वरचे आहे. दिवाळीत तिची पूजा होते, वर्षभर ती गादीजवळ राहते, आणि तिच्यात काय लिहिले आहे हे मालक व मुनीम यांखेरीज सहसा तिसऱ्यास ठाऊक नसते. उत्तरेकडील व्यापारी महाजनी लिपीत काना-मात्रा गाळून हिशेब लिहीत. महाराष्ट्रात व कोकणात पुष्कळांची खातेवही मोडीत असे, आणि मोडी न शिकलेल्यास ती वाचता येत नसे. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची चाल वाचकांस ठाऊक असेलच. या चालींमागे लबाडी नव्हती. ज्याने आपणाकडून उधारीने माल नेला, त्याची अडचण चारचौघांत उघडी पडू नये आणि आपल्या खरेदीचा भाव शेजारच्या दुकानास कळू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपले वाडवडील म्हणत आले, ते उगाच नव्हे.

गेल्या दहा वर्षांत ही चोपडी गादीवरून उठून खिशात गेली आहे. गिऱ्हाइकांचे क्रमांक, घाऊक व्यापाऱ्यांचे भाव, बँकेचे संदेश, मालाच्या पावत्या, सारे काही मोबाईलमध्ये असते. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयचा प्रारंभ झाला आणि पैशाची देवघेवही त्याच यंत्रातून होऊ लागली. पेडणे तालुक्यातील आमचे चोपडे हे शापोरा नदीकाठचे लहानसे गाव. पलीकडे शिवोलीस जावयाचे तर एके काळी फेरीबोटीची वाट पाहावी लागे. आता नदीवर पूल आहे, आणि जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळही सुरू झाला आहे. मोरजी, मांद्रे, हरमल या बाजूस जाणारा प्रवासी शहाळे घेतो तेव्हाही खिशात हात न घालता क्यूआर कोडची पाटी शोधतो. त्यामुळे प्रत्येक दुकानात मालकाच्या मोबाईलखेरीज दुसरा एक मोबाईल ठेवणे भाग पडते. आणि तो दुसरा मोबाईल बहुधा बाजारात मिळणारा स्वस्तात स्वस्त असतो. या दुसऱ्या मोबाईलविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले. आम्ही या शास्त्राचे तज्ज्ञ नव्हे. आमच्याच दुकानी घडलेल्या एका प्रसंगाने आमचे डोळे उघडले आणि आम्ही या विषयाच्या मागे लागलो, इतकेच.

आमच्या दुकानातील प्रसंग

दुकानात कामास असलेल्या मुलाच्या हाती आम्ही असाच एक स्वस्त मोबाईल दिला होता. घरपोच मालाचे निरोप घेणे व क्यूआर कोडवर रक्कम जमा झाली की नाही हे पाहणे, एवढेच त्याचे काम. गिऱ्हाइकांची नावे त्यात आम्हीच भरून दिली. आणि सोयीसाठी काही नावांपुढे खूणही लिहिली. ‘आगरवाडा, उधारी ४२००’, ‘मांद्रे, पैसे उशिरा’, अशा त्या खुणा होत्या. त्यांचा आम्हांस पुढे फार पश्चात्ताप झाला.

मुलास घरच्या आजारपणासाठी तीन हजार रुपये हवे होते. आम्हांपाशी मागावयास त्यास संकोच वाटला. मोबाईलवर आलेल्या एका दुव्यावरून त्याने कर्ज देणारे ॲप उतरवून घेतले. ॲपने संपर्कयादी पाहण्याची परवानगी मागितली आणि त्याने ती दिली. हाती पडले अठराशे. सात दिवसांनी मागणी सुरू झाली ती पुऱ्या तीन हजारांची. परतफेडीस उशीर होताच आमच्या गिऱ्हाइकांस अनोळखी क्रमांकांवरून फोन जाऊ लागले. मुलास चोर ठरविण्यात आले, आणि ज्यांच्या नावापुढे उधारीची खूण होती त्यांस तीही ऐकविण्यात आली. आगरवाड्याची एक वृद्ध गिऱ्हाईक बाई दुसऱ्या दिवशी दुकानी आली आणि शांतपणे म्हणाली, ‘शेट, उधारी तुमची आहे, ती मी फेडीन. पण ती त्या परक्या माणसास कशी कळली?’

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. मुलास आम्ही कामावरून काढले नाही, कारण दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. पेढीची चोपडी आम्हीच त्याच्या हाती उघडी दिली होती. पुढे तो मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून तपासून घेतला तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, त्या यंत्रास दोन वर्षांत सुरक्षेची एकही सुधारणा आलेली नव्हती. दुसरी, विकतानाच त्यात घातलेली काही ॲपे होती आणि ती काढू म्हटले तरी निघत नव्हती. कर्जाच्या ॲपशी या दोहोंचा संबंध नव्हता हे खरे. परंतु स्वस्त म्हणून जे आपण घेतो ते नेमके काय असते, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात राहिला.

स्वस्ताई येते कोठून?

व्यापाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही की प्रत्येक वस्तूस एक मूळ खर्च असतो. मोबाईलचा पडदा, बॅटरी, स्मरणपट्टी, चिप यांचे भाव जगाच्या बाजारात ठरलेले असतात. त्यांहून खाली कोणी भाव सांगू लागला, तर उरलेली रक्कम तो अन्य कोठून तरी वसूल करणार, किंवा माल देणारच नाही.

माल न देण्याचे उदाहरण आपल्याच देशात घडले. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी नोएडा येथील रिंगिंग बेल्स या कंपनीने अवघ्या २५१ रुपयांत ‘फ्रीडम २५१’ नावाचा स्मार्टफोन देण्याची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी मागणी नोंदविण्यास इतकी झुंबड उडाली की नोंदणीची व्यवस्थाच कोलमडली. पत्रकारांस दाखविलेल्या नमुन्यावर दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले आढळले. बहुसंख्य मागणीदारांच्या हाती तो मोबाईल पडलाच नाही, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये एका वितरकाच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकास अटक झाली. फसलेल्यांत वितरकही होता, ही गोष्ट आपण व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावयास हवी.

दुसरी रीत अधिक सूक्ष्म आहे. तीत माल हाती येतो, चालतोही. मात्र किमतीचा उरलेला भाग रोखीने न घेता आपल्या माहितीच्या रूपाने घेतला जातो. ॲप तयार करणारे लोक कारखानदारास पैसे देऊन आपले ॲप मोबाईलमध्ये आधीच घालवितात. मोबाईल चालविणारी प्रणाली व ती वेळोवेळी सुधारण्याचे काम कारखानदार स्वतः न करता स्वस्तात दुसऱ्यास देतो; आणि तो दुसरा तिसऱ्यास. घर बांधून झाल्यावर कुलपाची जास्तीची किल्ली गवंड्याकडेच राहावी आणि ती पुढे कोणाकोणाच्या हाती गेली हे मालकास कळू नये, तसा हा प्रकार आहे.

तीन चोरवाटा

पहिली चोरवाट कारखान्यातूनच येते. नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतील क्रिप्टोवायर या संस्थेने एक गोष्ट उघडकीस आणली. ‘ब्लू’ कंपनीचा सुमारे ५० डॉलरांस मिळणारा ‘आर-१ एचडी’ हा मोबाईल आपल्या मालकाच्या संदेशांचा मजकूर, संपर्कयादी आणि कोणाशी केव्हा बोलणे झाले याची नोंद दर ७२ तासांनी चीनमधील यंत्रांकडे धाडीत होता. हे काम करणारा भाग शांघायच्या अडुप्स कंपनीचा होता, आणि मोबाईलच्या प्रणालीत सुधारणा पोहोचविणे हेच त्याचे अधिकृत काम होते. ज्याने कुंपण राखावयाचे, त्यानेच शेत खाल्ले. आपले सुमारे १ लाख २० हजार मोबाईल यात सापडले, असे ब्लू कंपनीनेच सांगितले. अडुप्सचे म्हणणे असे की हा भाग एका चिनी ग्राहकासाठी केलेला होता व अमेरिकेतील मोबाईलमध्ये तो चुकून गेला. २०१८ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने ब्लू कंपनीशी समझोता करून तिच्यावर सुरक्षेची बंधने घातली.

हे एकच उदाहरण असते तर आम्ही ते अपवाद मानले असते. परंतु जून २०१९ मध्ये गूगलने मान्य केले की ‘ट्रायाडा’ नावाचा घातक प्रोग्राम काही मोबाईलमध्ये कारखान्यातच शिरला होता. चेहरा पाहून कुलूप उघडण्यासारखी एखादी सोय हवी म्हणून कारखानदाराने आपली प्रणाली बाहेरच्या कंत्राटदाराकडे पाठवावी आणि ती रोग घेऊन परत यावी, असे ते घडले होते. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत गरिबांसाठी सरकारी साहाय्याने अवघ्या ३५ डॉलरांत दिल्या जाणाऱ्या एका मोबाईलमध्ये न काढता येणारे घातक ॲप आढळले. त्याच वर्षाच्या अखेरीस चीनमधील एका न्यायालयाचा निकाल प्रसिद्ध झाला. जिओनीच्या एका उपकंपनीने दोन कोटींहून अधिक मोबाईलमध्ये मालकांच्या नकळत जाहिरातींचा चोर-प्रोग्राम घातल्याचे त्यात सिद्ध झाले होते. न दिलेले घेणे यास आपल्याकडे चोरी म्हणतात. मग घेतलेली वस्तू धान्य असो, दागिना असो वा कोणाचे नाव व क्रमांक असो.

दुसरी चोरवाट ही न बुजविलेल्या भोकांची. कोणतीही प्रणाली निर्दोष नसते. दोष सापडतात व त्यांवर ठिगळे दिली जातात. जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइड प्रणालीत ‘स्टेजफ्राइट’ नावाचा दोष उघड झाला. केवळ चित्रसंदेश आल्यानेही मोबाईल परक्याच्या ताब्यात जाऊ शकेल, असा तो दोष होता. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगल दरमहा सुरक्षेच्या सुधारणा प्रसिद्ध करू लागले. परंतु गूगलने औषध तयार केले म्हणून ते रोग्यास पोहोचतेच असे नव्हे. ते प्रत्येक मॉडेलसाठी जुळवून धाडणे हे कारखानदाराचे काम, आणि त्यास खर्च येतो. मोबाईल विकताना ज्यास जेमतेम नफा सुटला, तो विकलेल्या मालावर पुन्हा खर्च करण्यास नाखूश असतो. म्हणून स्वस्त मोबाईलचा पडदा शाबूत असतो, आवाजही नीट येतो, पण आतील कुलूप केव्हाच गंजलेले असते. आमच्या दुकानातील यंत्राची नेमकी हीच स्थिती होती.

तिसरी चोरवाट आपण स्वतःच उघडतो, ती परवानगीची. विजेरीच्या ॲपास संपर्कयादी कशासाठी हवी, हा प्रश्न विचारण्याआधीच आपले बोट ‘होय’वर पडते. कर्जाच्या ॲपांनी या सवयीचा फार मोठा लाभ उठविला. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाच्या अहवालानुसार भारतीयांस उपलब्ध असलेल्या सुमारे ११०० कर्ज-ॲपांपैकी सुमारे ६०० बेकायदा होती. २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने नियम केला की कर्ज देणाऱ्या ॲपाने मोबाईलमधील संपर्कयादी, बोलण्याच्या नोंदी व छायाचित्रे यांस हात लावू नये. २०२३ मध्ये गूगलनेही आपल्या प्ले स्टोअरवरील कर्ज-ॲपांस तशीच मनाई केली. पण बाहेरच्या दुव्यावरून उतरविलेले ॲप यांपैकी कोणाचाच नियम मानीत नाही. आमच्या मुलाने घेतलेले ॲप याच जातीचे होते.

या तिहींबरोबर मोबाईलच्या ओळख-क्रमांकाचाही विचार केला पाहिजे. प्रत्येक मोबाईलास आयएमईआय नावाचा १५ अंकी क्रमांक असतो. तो नसलेले मोबाईल आपल्या देशात १ डिसेंबर २००९ पासून बंद करण्यात आले. तथापि जून २०२० मध्ये मेरठ येथे एका पोलीस अधिकाऱ्याचा दुरुस्त होऊन आलेला मोबाईल तपासताना, एकाच क्रमांकावर १३,५०० हून अधिक मोबाईल चालत असल्याचे उघड झाले. असा मोबाईल चोरीस गेला तर शोधणार कसा? आणि त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या मोबाईलवरून गुन्हा घडला, तर पोलीस कोणाच्या दारी येतील?

दुसरी बाजू

येथवर वाचून कोणी असे समजू नये की स्वस्त मोबाईल सर्वथा त्याज्य व महाग मोबाईल सर्वथा निर्दोष. जुलै २०२१ मध्ये गाजलेल्या पेगासस प्रकरणात भारी किमतीचे मोबाईलही हेरगिरीस बळी पडल्याचे दिसून आले. स्वस्त मोबाईलमुळेच भाजीवालीच्या खात्यात थेट पैसे जमा होऊ लागले आणि मजुराचा मुलगा घरी बसून धडे पाहू लागला. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आमचा आक्षेप कमी किमतीस नाही, न सांगितलेल्या किमतीस आहे.

ही काळजी केवळ परदेशी कारखानदारांपुरतीही नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आपल्या दूरसंचार खात्याने ‘संचार साथी’ हे ॲप प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये आधीच घालण्याचा आदेश काढला. हेतू चोरी व फसवणूक रोखण्याचा होता. तरी लोकांनी हरकत घेतली आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सक्ती मागे घेण्यात आली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा एकमुखी निर्णय दिला होता, त्याचे बळ अशा वेळी कळते. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात यावयाच्या आहेत. या कायद्याच्या दृष्टीने गिऱ्हाइकांची नावे व क्रमांक बाळगणारा दुकानदार हा त्या माहितीचा मालक नसून तिचा विश्वस्त आहे. आपल्या परंपरेस हे काही नवे नाही.

आपण काय करावे?

मोबाईल घेताना पक्की पावती घ्यावी. *#०६# हे दाबले असता पडद्यावर येणारा क्रमांक खोक्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. ‘या मॉडेलास सुरक्षेच्या सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळतील?’ हा प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावा. घरी असलेल्या मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये शेवटच्या सुरक्षा-सुधारणेची तारीख दिसते. ती वर्षाहून जुनी असेल, तर त्या यंत्रावर बँकेचा व यूपीआयचा व्यवहार ठेवू नये. गाणी ऐकण्यास ते खुशाल वापरावे.

दुकानाच्या पैशाचा मोबाईल निराळा असावा आणि त्यात खेळ, कर्जाची ॲपे वा अनोळखी दुव्यावरून आलेली कोणतीही वस्तू घालू नये. प्रत्येक ॲपास दिलेल्या परवानग्या महिन्यातून एकदा पाहाव्यात व अनावश्यक त्या काढून घ्याव्यात. गिऱ्हाइकाच्या नावापुढे उधारीचा आकडा लिहू नये, हे तर आम्ही स्वानुभवाने सांगतो. जुना मोबाईल विकताना त्यातील खाते काढून टाकावे, सर्व मजकूर पुसावा आणि सिम व स्मरणपट्टी काढून घ्यावी. मोबाईल हरवल्यास पोलिसांत तक्रार करून मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’च्या व्यवस्थेतून तो बंद करविता येतो. पैशाची फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या तासात कळविलेली रक्कम वाटेत अडविण्याची शक्यता अधिक असते.

आपल्या सभासदांत मोबाईल विकणारेही अनेक आहेत. त्यांस आमची विशेष विनंती आहे. तुपात भेसळ असल्यास आपण ते विकत नाही, आणि वजन कमी भरले तर चिमूटभर वर घालतो. तोच न्याय येथेही लावावा. ज्या मॉडेलास सुधारणा मिळत नाहीत, त्याविषयी गिऱ्हाइकास तसे स्पष्ट सांगावे. मग घेणे न घेणे त्याच्या मर्जीवर सोडावे. क्रमांक बदललेला वा पावतीविना आलेला माल दुकानात घेऊच नये. दूरसंचार कायदा, २०२३ अन्वये असा क्रमांक बदलणे हा कारावासाचा गुन्हा आहे. त्यात सुटणारा नफा हा पत गहाण ठेवून केलेला नफा होय.

शेवटी एक गोष्ट, जी कोणत्याही यंत्रात सापडणार नाही. आमच्या मुलास तीन हजार रुपयांसाठी अनोळखी दुव्यावर जावे लागले, कारण गादीवर बसलेल्या मालकापाशी अडचण सांगणे त्यास त्याहून कठीण वाटले. मोबाईलची सुरक्षा कितीही चोख ठेवली, तरी आपल्या माणसांस आपणाशी बोलावयास भीती वाटत असेल, तर चोरवाट उघडीच राहणार. तो मुलगा आजही आमच्या दुकानी आहे आणि त्याच्या घरच्या अडीअडचणीची चौकशी आता आम्हीच आधी करतो. गिऱ्हाइकांची उधारी आम्ही पुन्हा कागदाच्या चोपडीत लिहू लागलो आहो. आगरवाड्याच्या त्या बाईने आपली बाकी फेडली. आणि फेडताना चोपडीतील आपल्या नावावर रेघ मारलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मगच ती घरी गेली.

सभासद बंधुभगिनींनी आपापल्या दुकानातील तो दुसरा मोबाईल आज संध्याकाळी एकदा हाती घेऊन पाहावा, एवढी नम्र सूचना करून आम्ही हा लेख पुरा करतो.